दोघांचा तीनचाकी

तोकुजी उन्नो आणि कांजी माकिता यांचं एका बाईवरून बिनसलं होतं, असं शिमिझु बंदराकडच्या लोकांचं अजून म्हणणं आहे. त्यांना समजावण्यात अर्थ नाही. बाईवरून बिनसलं म्हटलं की ऐकणाराही सरसावून बसतो, सांगणाऱ्यालाही चहा मिळतो. त्यात तोकुजीने जन्मभर लग्न केलं नाही, म्हणजे अफवेला आयतंच खतपाणी. खरं कारण सांगितलं तर लोक तोंडावर हसतील. खरं कारण होतं हिरवा रंग.

दोघं तरुणपणी टूना माशाचे डबे भरणाऱ्या एका कारखान्यात होते. कारखान्याचा मालक चिक्कू. साऱ्या बंदरात चार चाकांच्या गाड्या फिरू लागल्या तरी याचा जुना तीनचाकी ट्रक सुटेना. पुढे एकच चाक, नाक भोपळ्यासारखं, आणि वळणावर असा झुकायचा की शेजारी बसलेला माणूस देवाचं नाव घ्यायचा. त्याच ट्रकवर दोघं गाडी शिकले. गोठवलेले टूना भरून एकदा त्यांनी तो बंदराच्या वळणावर आडवाही केला. मासे घसरत घसरत न्हाव्याच्या दारात गेले आणि अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक साबणासकट बाहेर पळालं. ट्रकचा डावा मडगार्ड चेपला, तो तसाच राहिला. त्या दिवशी गाडी कोण चालवत होतं यावर दोघांचं एकमत कधीच झालं नाही. पण ते भांडण निराळं, गोडीगुलाबीचं.

पुढे ट्रक भंगारात गेला आणि वर्षभरात शिझुओकाच्या एका छोट्या कंपनीने नेमका त्याच ट्रकचा, सुटे भाग घरी जोडून छोटी प्रतिकृती करायचा, प्लास्टिकचा किट काढला. या शहरात दर चौथ्या घरातलं कुणी ना कुणी असल्या किटच्या धंद्यात, तेव्हा बातमी पोचायला वेळ लागला नाही. दोघं पळत कात्सुमातांच्या किटच्या दुकानात गेले, तर शेवटचा एकच खोका उरलेला. दोघांत मिळून घेतला. दोघांनी मिळून जोडायचा, असं ठरलं.

आणि तिथेच माशी शिंकली. खोक्यावरच्या चित्रात ट्रक आकाशी होता. तोकुजी म्हणाला, असाच रंगवू. आपल्या मालकाचा ट्रक नवा असताना आपण पाहिलाच नाही, एकदा बघू तरी. कांजी म्हणाला, नवा ट्रक काय, कुणाचाही असतो. आपला गडद हिरवा होता, चेपलेला होता, तसाच करायचा. झालं. सहा महिने दोघं एकमेकांकडे न बघता कारखान्यात शेजारी शेजारी डबे भरत होते. नंतर बोलायला लागले, पण त्या विषयावर नाही. खोका कुणाच्या घरी ठेवायचा हाही वाद होताच, म्हणून तो दुकानातच राहिला, गल्ल्यामागच्या वरच्या फळीवर. तोकुजीने त्याला हवा लागू नये म्हणून जाड प्लास्टिकचं आवरण घातलं, कांजीने त्यावर चिकटपट्टी मारली. दर वर्षअखेरच्या साफसफाईला दोघं येऊन खोका खाली काढत, ओल्या फडक्याने पुसत, पट्टी सैल झाली असेल तर वरून दुसरी मारत, आणि परत ठेवत. जोडायची गोष्ट कुणीच काढायचं नाही.

मग ती कंपनी बुडाली, आणि खोक्याला भाव आला.

आता दुकानाचं सांगायला हवं. कात्सुमातांच्या मागे त्यांची बायको किमिए ते चालवते. बाजारपेठेवर छप्पर आहे, खाली निम्म्या दुकानांची शटरं कायमची पडलेली. किमिएबाईचं चालू आहे ते तिच्या जिभेवर, असं लोक म्हणतात. शनिवारी दुपारी मागच्या खोलीत तोकुजी, कांजी आणि दातांचे डॉक्टर इनाबा बसायचे. इनाबांनी दवाखाना बंद केला, पण हत्यारं टाकली नाहीत. दाढा कोरायच्या आकड्यांनी ते आता किटमधल्या रणगाड्यांचे पट्टे साफ करतात. किमिएबाई मध्येच ओदेनच्या, म्हणजे काळ्या रश्शात शिजवलेल्या मुळ्या-अंड्यांच्या, काड्या आणून ठेवी आणि कुणी किती खाल्ल्या ते बरोबर लक्षात ठेवी.

वाद ठरलेला असायचा. इनाबांचं मत, जुने किट जोडणं म्हणजे स्वतःचा छळ. दारं बसत नाहीत, दोन अर्ध्या भागांमध्ये बोट जाईल एवढी फट, पृष्ठभागावर खड्डे, चिकटवायची अक्षरं पिवळी पडलेली. आज नवीन किट निघतात ते हात लावला की जुळतात. मग का डोळे फोडायचे. किमिएबाईचं मत याहून कडक. ती म्हणे, जुना किट न उघडता ठेवला तर तो किट, उघडला की कचरा. ज्याला जोडायचंय त्याने माझ्याकडून नवा घ्यावा, माझंही पोट आहे. तोकुजी यावर काही बोलायचा नाही. कांजी मात्र काडी चोखत चोखत म्हणायचा की, ज्या किटला कुणी हात लावला नाही तो किट म्हणजे नुसतं रंगीत पुठ्ठ्याचं खोकं. आणि मग त्याची नजर फळीकडे जायची. तोकुजीची जायची नाही. तो मुद्दाम ओदेनमधल्या मुळ्याकडे बघायचा.

गेल्या पावसाळ्याच्या सुमारास कांजीला धाप लागायला लागली. फुप्फुसं. तरुणपणी सिगारेट आणि म्हातारपणी बंद खोलीत रंगाची फवारणी, यांपैकी दोष कुणाचा यावर इनाबांनी एक व्याख्यान दिलं. कांजीने ते ऐकून घेतलं आणि पुढच्या शनिवारी तो आला नाही. त्याची मुलगी मिसाओ त्याला इस्पितळात घेऊन गेली होती. पानगळ सुरू होईपर्यंत तो तिथेच होता, आणि तिथून घरी परत जायचं नाही हे सगळ्यांना कळलं होतं. कांजीला सगळ्यांत आधी.

तोकुजी एक दिवसाआड बसने जायचा. जाताना संत्री न्यायचा, कांजी ती खात नसे, आणि तोकुजीच तिथे बसून सोलून खायचा. एका दुपारी कांजी खिडकीकडे बघत म्हणाला, "तोकु, तो जोड आता."

कुठला ते विचारायची गरज नव्हती.

"बरा होऊन ये, मग दोघं जोडू," तोकुजी म्हणाला.

"थापा मारू नकोस. तुला जमत नाही. मला हातात घेऊन बघायचाय एकदा. रंग तुला हवा तो दे."

हे शेवटचं वाक्य तोकुजीला सगळ्यांत झोंबलं. चाळीस वर्षं ज्या गोष्टीसाठी माणूस अडून बसला ती तो अशी संत्र्याच्या सालीसारखी टाकून देतो, म्हणजे आता फार वेळ नाही. बसमध्ये तो उतरायच्या थांब्याच्याही पुढे गेला.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. तोकुजी दुकानात शिरला तो थेट फळीकडे. किमिएबाईने हिशेबाचं यंत्र बाजूला सारलं आणि ती मध्ये उभी राहिली. असे किट आता सबंध देशात मोजके असतील, तिने सांगितलं. त्याचं आवरण फाडणं म्हणजे दगडी मूर्तीला छिन्नी लावणं. इनाबाही तिच्या बाजूने झाले. जोडून ते दार बसणार नाहीच, मग कांजीच्या हातात फटी असलेला ट्रक देणार का, असं त्यांचं म्हणणं. तोकुजीने दोघांचं पूर्ण ऐकलं. तो कधीच कुणाला मध्ये तोडत नाही, हा त्याचा गुण आणि याचाच लोकांना वैताग.

"किमिएसान," तो म्हणाला, "तो मरतोय."

ती बाजूला झाली. एवढंच नव्हे, कात्री तिनेच आणून दिली.

आवरण इतकं घट्ट होतं की कात्री शिरेना. पट्ट्यांवर पट्ट्या, जणू गाठोडं बांधून कुणी परदेशी निघालंय. शेवटी ते निघालं. खोका नव्यासारखा होता. चित्रातला आकाशी ट्रक चहाच्या मळ्याशेजारून जात होता, रंग जराही विटला नव्हता. किमिएबाईच्या तोंडून श्वास सुटला. तोकुजीने झाकण उचललं.

आतून गोडसर, तेलकट वास आला. इनाबांनी तो ओळखला आणि ते खुर्चीत बसले.

जुन्या किटमधले टायर मऊ रबरासारख्या व्हिनिलचे असतात. त्यातून वर्षानुवर्षं तेल झिरपतं, आणि ज्या कडक प्लास्टिकला ते टेकलेलं असेल ते प्लास्टिक विरघळतं. ही गोष्ट या खोलीत कुणाला माहीत नव्हती असं नाही. किमिएबाई प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगे, घरी गेल्यावर टायर आधी वेगळ्या पिशवीत काढा. इनाबा तर त्यावर पाच मिनिटं बोलत. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, फक्त या एका खोक्याच्या बाबतीत कुणाचा हात गेला नाही. कारण उघडला असता तर तो न उघडलेला राहिला नसता. वरून दर वर्षी पट्टी आवळायची, म्हणजे आतले भाग एकमेकांवर आणखी घट्ट दाबले जाणार आणि तेलाला बाहेर जायला वाटही नाही.

दोन टायर केबिनच्या छपरात रुतले होते. छप्पर त्यांच्याभोवती मेणासारखं वितळून परत घट्ट झालेलं. तिसऱ्याने दाराची चौकट खाल्ली होती, चौथा, जादाचा, मागच्या हौद्याच्या तळाला चिकटून बसला होता. पुढची काच कुठे होती ते कळत नव्हतं. एक पिवळट थेंब होता, तीच काच असावी.

किमिएबाईने पहिल्यांदा त्या खोलीत कुणाला टोमणा न मारता चहा ओतला. तोकुजीने खोका झाकला आणि परत उघडला, जणू दुसऱ्यांदा उघडल्यावर काही निराळं दिसेल.

मग इनाबांनीच मार्ग काढला. त्याच ट्रकचा नवा किट दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीने काढलाय, दुकानात आहे. तो जोडावा आणि न्यावा. कांजीची नजर आता तितकी चालत नाही. वाईट वाटायचं कारण नाही, ट्रक तोच आहे. तोकुजी म्हणाला, ट्रक तोच आहे, पण हा आमचा नाही. किमिएबाई म्हणाली की आपला कुठला आणि परका कुठला हे कळण्याइतकी शुद्ध राहिली तर चांगलंच आहे की. ती असंच बोलते. डोळे पुसतानाही असंच बोलते.

तोकुजीने नवा किट घेतला. घरी खालच्या चहाच्या दुकानातून भाजक्या पानांचा वास वर येत राहिला आणि तो त्या वासात बसून ट्रक जोडत राहिला. इनाबा खोटं बोलत नव्हते: खरंच हात लावला की जुळत होतं. दारात फट नाही, नाकावर खड्डा नाही. इतकं सोपं होतं की त्याला राग यायला लागला. तरुणपणी त्यांनी या किटशी महिनाभर झटापट केली असती, शिव्या दिल्या असत्या, कुणीतरी गोंद सांडला असता.

रंग त्याने गडद हिरवा दिला. डावा मडगार्ड मेणबत्तीवर गरम करून बोटाने चेपला. जोडलेली वस्तू आपल्या हाताने बिघडवायला त्याला त्रास झाला, पण चेप अगदी जसा होता तसा उतरला.

इस्पितळात कांजी उशांवर टेकून बसला होता. नाकात नळी. मिसाओने टेबल पुढे सरकवलं आणि ती चहा आणायच्या निमित्ताने बाहेर गेली, समजूतदार मुलगी. तोकुजीने रुमालातून ट्रक काढून त्याच्या हातात दिला.

कांजीने तो डोळ्यांजवळ नेला. अंगठ्याने चेप चाचपला, हसला. मग नखाने दार उघडलं आणि लावलं. परत उघडलं आणि लावलं.

"दार बसलंय," तो म्हणाला.

"बसलं कसंबसं. घासावं लागलं."

"आणि हिरवा दिलास."

"तुला हिरवा हवा होता ना."

कांजीने ट्रक मांडीवर ठेवला. "तोकु, आपला असता तर तू मेलास तरी हिरवा दिला नसतास. आकाशीच दिला असतास आणि वर मला म्हणाला असतास, बघ कसा शोभतोय. हा कुठून आणलास?"

तोकुजीला खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे त्याने पहिल्याच प्रश्नाला सगळं सांगून टाकलं. आवरण, पट्ट्या, तेल, छपरात रुतलेले टायर. सांगताना तो मान खाली घालून बसला होता, शाळेत उभं केल्यासारखा. वर बघतो तर कांजी हसत होता. हसता हसता खोकला लागला, नर्स धावत आली, तिने नळी सारखी केली आणि तोकुजीकडे असं बघितलं की त्याची तिथून उठायची वेळ झाली.

"किती काळजी घेतली रे आपण त्याची," कांजी म्हणाला, श्वास परत आल्यावर.

मग तो निजला. तोकुजी उठणार तोच डोळे न उघडता त्याने विचारलं, "खोकं कसंय?"

"खोकं नव्यासारखं आहे."

"मग ते मला दे. पेटीसकट जाळतात, म्हणून शवपेटीत प्लास्टिक ठेवू देत नाहीत. मिसाओच्या आईच्या वेळी चष्मासुद्धा काढायला लावला होता. पुठ्ठा चालतो."

तो पुढच्या आठवड्यात गेला. बाहेर स्वच्छ ऊन पडलं होतं आणि फुजी पर्वत अगदी लखलखीत दिसत होता, ज्याची कुणाला गरज नव्हती.

खोक्याची गोष्ट ऐकून इनाबांचा चेहरा पडला. असल्या खोक्याची किंमत आतल्या भागांहून जास्त. आतला माल सडला तरी खोकं दाखवायला ठेवता येतं, आणि ते जाळायचं? ते किमिएबाईला म्हणाले, निदान झाकण तरी ठेवून घेऊ, तळ देऊ. किमिएबाईने त्यांना एकच सांगितलं, "डॉक्टर, तुम्ही गेलात की तुमच्या कवळीचाही तळ तेवढा देईन."

तोकुजीने सुटे भाग काढून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घातले. खोका कागदात गुंडाळून नेला. शेवटच्या दर्शनाला लोक शवपेटीत पांढरी फुलं ठेवत होते. तोकुजीने कांजीच्या कोपराशी, फुलांच्या मध्ये, तो खोका ठेवला. कारखान्यातल्या एका जुन्या ओळखीच्या माणसाने शेजारच्याला कोपर मारून काहीतरी कुजबुजलं; बाईचं पत्र असणार आत, असंच त्याच्या मनात आलं असेल. मग झाकण लागलं.

दहनभट्टीवरून परतताना तोकुजीच्या लक्षात आलं की जोडणीचा कागद खोक्याच्या तळाशी घडी करून ठेवलेला होता, तो काढलाच नाही. भाग डब्यात, कागद राख.

शनिवार काही दिवस तसेच गेले. मग इनाबांचा गुडघा दुखायला लागला आणि ते येईनासे झाले. किमिएबाईने ओदेन करणं बंद केलं. दोघांसाठी काय म्हणून एवढा रस्सा ढवळायचा. मिसाओने हिरवा ट्रक परत आणून दिला, किराणा सामानाच्या पिशवीत. इस्पितळातून सामान आणताना त्याचं एक दार निखळलं होतं. ती वारंवार माफी मागत राहिली, तोकुजी तिला वारंवार काही हरकत नाही म्हणत राहिला, आणि दोघंही जिन्यात एकमेकांपुढे वाकत वाकत उभे राहिले.

नंतर एका सकाळी तोकुजीने बिस्किटांचा डबा उघडला. प्लास्टिक आकाशी रंगाचंच होतं; साच्यातूनच तसं आलेलं. कोणी रंग दिला नाही तर तो आपोआप आकाशीच राहणार होता. ही गोष्ट तेव्हा दोघांनाही माहीत नव्हती, कारण आत कुणी बघितलंच नव्हतं.

त्याने इनाबांकडे जाऊन त्यांच्या दाढा कोरायच्या आकड्या मागून आणल्या. टायर छपरातून कोरून काढायला बरेच दिवस लागले. निघाले ते वेडेवाकडे, एका बाजूने सपाट. छपरात दोन भोकं पडली, ती त्याने भरली, घासली, परत भरली. दार बसलं नाही. इनाबांनी सांगितलेली फट नेमकी तेवढीच होती, बोट जाईल एवढी. काच नव्हतीच, त्याने ती जागा मोकळी ठेवली. किमिएबाई एकदा वर येऊन बघून गेली. आता याला काडीची किंमत नाही, ती म्हणाली, बरं झालं, जोड निवांत. जाताना तिने एक नवी गोंदाची बाटली टेबलावर ठेवली आणि ती ठेवली हे दिसू नये म्हणून मोठ्याने जिन्याला शिव्या देत उतरली.

ट्रक उभा राहिला तो एका अंगाला कलून. शेवटी जादा टायर तेवढा उरला. तो हौद्याखाली लागतो, पण कुठल्या बाजूला? जोडणीचा कागद नव्हता. इनाबा म्हणाले होते, संगणकावर शोधून छापून देतो. तोकुजीने नको म्हटलं होतं. मालकाच्या ट्रकचा टायर कुठे होता ते त्याला आठवत होतं, डावीकडे. की मालकाने तो नंतर तिकडे हलवला होता? ट्रक आडवा झाला तेव्हा तो टायर अंगाखाली गेला, की सुटून मोकळा घरंगळला? हे नक्की सांगू शकणारा माणूस एकच होता, आणि त्याने उजवीकडे म्हटलं असतं, आणि कदाचित तेच बरोबर असतं.

तोकुजीने गोंद लावला, टायर डावीकडे दाबून धरला, आणि सुकेपर्यंत धरून राहिला. कुणी काही म्हणालं नाही.